वनमाळीकाकांनी पास केलेले ड्रम

बडोदे,
४ ऑगस्ट १९९२

तीर्थरूप बापूजी यांस,
शि. सा. न. वि. वि. आणि जय श्रीकृष्ण.

बाचं पत्र काल आलं. त्यात शेजारच्या नव्या सुनेबद्दल दीड पान, शीतळा सातमेच्या थेपल्यांबद्दल अर्धं पान, आणि शेवटी समासात, मुंगीएवढ्या अक्षरांत, तुमच्या गोदामातल्या छनाभाईच्या डोळ्यांत तिखं उडालं आणि त्याला भरूचला दवाखान्यात ठेवलंय, एवढी एकच ओळ. बापूजी, ही बातमी समासात लिहायची असते का?

मिरचीसारखं झोंबतं म्हणून तुमच्या माणसांनीच त्या द्रवाला तिखं हे नाव ठेवलं. पण मिरची पेट घेत नाही. हे घेतं. मी इथे प्रयोगशाळेत तेच वाटीभर वापरते, तेसुद्धा डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि वाफ ओढणारा पंखा चालू असल्याशिवाय नाही. तुम्ही दोनशे लिटरचे ड्रम उघड्या हातांनी उघडता. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, डोळ्यांना दिसत नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि वीस पावलांवरची ठिणगीसुद्धा गाठते. एका ड्रममधून दुसऱ्यात ओतताना दोन्ही ड्रम तारेने जमिनीला जोडायचे, नाहीतर नुसत्या ओतण्यानेही ठिणगी पडू शकते. हे सगळं मी मार्चमध्ये मोठ्या अक्षरांत गुजरातीत लिहून पाठवलं होतं. त्या कागदाचं काय झालं?

आणि रोज सकाळी तुम्ही गोदामात फेरी मारून हवा हुंगता, चालू करा म्हणता, आणि मग मोटार सुरू होते, हे अजून तसंच आहे ना? तुमच्या मालकांना, धनसुखशेठना, वाफ मोजायचं यंत्र घ्यायला सांगा असं मी चौथ्यांदा लिहिते आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझा हात दुखायला लागला.

छनाभाईच्या डोळ्यांचं खरं काय ते कळवा. लोभ आहे म्हणूनच राग आहे, दोन्ही गोड मानून घ्यावे.

तुमची,
हर्षिदा

*

अंकलेश्वर,
१२ ऑगस्ट १९९२

चि. सौ. हर्षिदा हिस अनेक आशीर्वाद. जय श्रीकृष्ण.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कारखाने तपासणाऱ्या साहेबाचं पत्र चुकून माझ्या पत्त्यावर आलं. तुझा कागद कुठे जाणार? धनसुखशेठना तो इतका आवडला की त्यांनी फ्रेम करून ऑफिसात लक्ष्मीजींच्या तसबिरीशेजारी टांगला. रोज त्यालाही कुंकवाचं बोट लागतं. गोदामात लावला असता तर मळला असता, असं शेठ म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

छनाचा डावा डोळा सुधारतो आहे. उजव्याने धूसर दिसतं, डॉक्टर दिवाळीनंतर बघू म्हणतात. मी तीनदा खिचडी-कढी घेऊन जाऊन आलो. चूक त्याची. ड्रम आडवा केला, बूच सैल होतं, तिखं उसळलं, आणि छनासाहेबांचा चष्मा खिशात. ड्रम मी स्वतः सकाळी पास केला होता, तेव्हा ड्रमला दोष देता येत नाही.

यंत्राचं पुराण आता पुरे कर. तुझे आजोबा पोरबंदरला तुपाच्या पेढीवर बसायचे. डब्यात बोट बुडवून मनगटामागे चोळायचे, हुंगायचे आणि गाय, म्हैस की भेसळ ते सांगायचे. त्यांच्या एका शब्दावर गाड्या भरून माल जायचा. तोच हात आणि तेच नाक घेऊन मी इथे आलो, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. ड्रम गळतोय का, माल उतरलाय का, हे मी चार हातांवरून सांगतो. सगळा कारखाना वनमाळीकाका हो म्हणेपर्यंत बटणाला हात लावत नाही. तुझ्या यंत्राला सेल लागतात. वाण्याच्या नाकाला लागत नाहीत.

जावईबापूंना जय श्रीकृष्ण. हल्ली तुझ्याकडून लोभ पावशेर आणि उपदेश मणभर येतो, हे माप जरा बदलावे.

तुझा बापू,
वनमाळी

*

अंकलेश्वर,
९ सप्टेंबर १९९२

चि. सौ. हर्षिदास बाचे आशीर्वाद.

तुझे बापूजी हवेलीत श्रीनाथजींच्या दर्शनाला गेलेत, तेवढ्यात हे लिहिते आहे. उत्तरात याचा उल्लेख नको, नाहीतर मला घरात राहणं मुश्किल होईल.

परवा दूध तापत ठेवून मी शेजारी गेले. बोलण्यात वेळ गेला. गल्लीच्या तोंडाशी मला करपल्याचा वास आला म्हणून धावत आले, तर पातेलं कोळशासारखं काळं, आणि हे दोन हातांवर पाटावर बसून पेपर वाचताहेत! मी ओरडले तर म्हणाले, विचारात होतो. बरं, असतो माणूस विचारात. पण पूर्वी डाळीला हिंगाची फोडणी पडली की फाटकातून विचारायचे, आज तूर की मूग. आता वाढेपर्यंत गप्प असतात.

म्हणून गेल्या आठवड्यात मी पाप केलं. फडताळात मागे राहिलेलं, खवट झालेलं तूप मुद्दाम यांच्या रोटलीला लावलं. त्यांनी खाल्लं, आणि आज तूप छान कढवलंस म्हणाले. हर्षिदा, ज्यांच्या घरात तीन पिढ्या तूप हुंगून पोट भरलं, त्यांनी ते खाल्लं. मी मोरीत जाऊन रडले.

मी त्यांना काही बोलले नाही. चार माणसांत त्यांचा मान या एका गोष्टीवर उभा आहे. शेठसुद्धा पाहुण्यांना आणून यांना दाखवतात. ते मी माझ्या हाताने कसं काढून घेऊ? पण ते रोज सकाळी त्या गोदामात जातात, आणि ते परत येईपर्यंत माझा घास खाली उतरत नाही. तू शिकलेली आहेस, तूच काहीतरी कर.

मेथीचा मसाला जावई किरीटकुमारांच्या मित्राबरोबर पाठवते. आईवर माया आहेच, तोंडही बंद ठेव.

तुझी,
बा

*

बडोदे,
२० सप्टेंबर १९९२

तीर्थरूप बापूजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाने मला काहीही लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते. मीच आमच्या डॉक्टरांना विचारलं. वर्षानुवर्षं असली द्रवं हुंगणाऱ्याचं नाक हळूहळू जातं, आणि इतक्या हळू जातं की बरेच दिवस त्याचं त्यालाही कळत नाही, असं ते म्हणाले.

म्हणून सरळ विचारते. तुम्हाला कधीपासून वास येत नाही?

सैल बुचाच्या ड्रमजवळ उभं राहिलं की दर्प येतोच. छनाभाईचा ड्रम तुम्ही पास केलात. त्या सकाळी तुम्हाला दर्प आला नाही, हो ना? तुम्ही माझ्यावर चिडलात तरी चालेल, जिवंत राहून चिडा.

दिवाळीची सुट्टी संपून लाभपाचमेला कारखाना उघडेल. दरवर्षीप्रमाणे शेठ गोदामात पहिल्या ड्रमपुढे दिवा लावायला उभे राहतील. गोदाम आठ दिवस बंद असेल, एखादं बूच सैल असलं तर वाफ साचून बसलेली असेल. माणसं बायकापोरांना घेऊन प्रसादाला आलेली असतील. तुम्ही हुंगणार, हो म्हणणार, आणि तुमच्या त्या एका शब्दावर काडी ओढली जाणार. बापूजी, तो शब्द तुम्ही कशाच्या जोरावर देणार?

शेठना सांगा. नाहीतर मी त्यांना लिहीन. लोभ कमी झाला तरी सोसेन, पण उत्तर टाळू नये.

तुमची,
हर्षिदा

*

अंकलेश्वर,
५ ऑक्टोबर १९९२

चि. हर्षिदास आशीर्वाद.

पोस्टकार्डावरच लिहितो, जास्त लिहिण्यासारखं काही नाही. शेठना एक ओळ जरी लिहिलीस तर या घराचा उंबरठा चढू नकोस. मॅट्रिक नापास माणसाला अठ्ठावीस वर्षं काका म्हणून कशासाठी नमस्कार घालतात, याचा विचार कर. ते गेलं तर माझ्याजवळ काय उरतं? तुझ्या बाने खवट तूप वाढलं होतं ते मला तिच्या तोंडावरून कळलं होतं, हेही तिला सांग.

दिवाळीला फाफडा-मठिया पाठवतो. आशीर्वाद आहेत, पुन्हा हा विषय नको.

वनमाळी

*

अंकलेश्वर,
३ नोव्हेंबर १९९२

चि. सौ. हर्षिदा हिस अनेक आशीर्वाद. साल मुबारक.

तू शेठना लिहिलं नाहीस, हे मला माहीत आहे. आता जे घडलं ते कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

लाभपाचमेला सव्वानऊचा मुहूर्त होता. सगळे जमले, छनाही काळा चष्मा लावून बायकोला घेऊन आला होता. मी गोदामात फेरी मारली. गेलं दीड वर्ष मी काय करतो ते सांगतो. हुंगल्यासारखं करतो आणि मागून येणाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. कुणी खोकलं, कुणी नाक पुसलं की थांबतो, वाकतो आणि इथे गळतंय म्हणून सांगतो. ते खरं निघतं. पण त्या दिवशी गुरुजींनी गोदामाच्या दाराशी धूप घातलेला, सगळेच खोकत होते. मला काही कळेना. शेठनी काडेपेटी माझ्या हातात दिली, या वर्षी पहिला मान वनमाळीकाकांचा म्हणाले.

मी सांगितलं, शेठ, माझं नाक गेलंय. शेठ हसले, सणाच्या दिवशी थट्टा नको म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मुहूर्त जातोय, दिवा लावा, असं ते ओरडले. मग मी काडेपेटी खिशात घातली, गुरुजींचं धुपाटणं उचललं आणि दोन्ही घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मागे शेठ, त्यांच्यामागे गुरुजी. मुहूर्त गेला. शेठ नाही नाही ते बोलले, तेही सगळ्यांसमोर. शेवटी शेजारच्या कारखान्यातून यंत्र मागवलं. मागच्या रांगेत दोन ड्रमांपाशी काटा पार टोकाला गेला. त्यानंतर शेठ माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी छनाच्या घरी गेलो. तुझा ड्रम मी न हुंगता पास केला, तुझ्या डोळ्याचं पाप माझ्या माथ्यावर, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, काका, आम्हाला माहीत आहे. कधीपासून, विचारलं तर म्हणाला, पहिल्यापासून. त्यांनी आपसात पाळ्या लावल्या होत्या. ज्याची पाळी तो माझ्यामागून चालायचा आणि वास आला की मुद्दाम खोकायचा. काकांचा मान राहावा म्हणून. मी समजत होतो, मी त्यांना फसवतोय!

मला इतकी चीड आली की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. चाळीस माणसं, एक म्हातारा, सगळे एकमेकांची मर्यादा सांभाळत बसलेले, आणि पायाखाली ते तिखं. एकाने तरी तोंड उघडायचं होतं. आधी मी उघडायचं होतं.

मग छनाने सांगितलं, डोळ्यांत तिखं उडालं त्या सकाळी पाळी त्याचीच होती. त्याला सर्दी झाली होती, वासच कळला नाही, म्हणून तो खोकला नाही. हात जोडून म्हणाला, काका, चूक माझी, मला माफ करा.

हर्षिदा, डोळा त्याचा अधू झाला, आणि माफी त्याने मागितली. त्याच्या बायकोने चहा दिला, तो घेतला आणि घरी आलो.

आता तू शेठना पत्र लिही. यंत्राचं लिही, तारेचं लिही, चष्म्याचं लिही, आणि छनाचा ड्रम कुणी पास केला तेही माझं नाव घालून लिही. लोभ असू द्या असं लिहायची आज लाज वाटते, तरी मागतो.

तुझा बापू,
वनमाळी