बोअरमध्ये पडलेली मोटार

अहो,

झोपाळ्यावरून उठायची कृपा केलीत, की हे वाचा. मोटारवाला येऊन गेला. किती हाका मारल्या, तुम्ही नुसती कूस बदललीत.

मोटार धड होती, फक्त वायर जळली होती. पण वर ओढताना पाइप सांध्यात तुटला आणि मोटार बोअरच्या तळाशी गेली. आता गळ टाकून काढायची, नाही निघाली तर नवी घ्यायची. खर्च विचारला, तर म्हणाला, "ताई, बोअर किती खोल, मोटार केवढी, पाइप कसला, यावर असतं. आणि घरात शहाणं कोण आहे, यावरही."

पाइप तुटला तरी मोटार पडू नये, म्हणून तिला दोर बांधतात. आपल्या मोटारीला तो नव्हताच. गेल्या खेपेला "पाइप धरतोय की, एवढा चांगला दोर कशाला वाया घालवता?" अशी अक्कल तुम्हीच पाजळली होतीत.

मी सासूबाईंना घेऊन वन्संकडे आंघोळीला जाते. तुम्ही शेजारून पाणी भरा, आणि मागताना कारणही सांगा.

मोटारवाला संध्याकाळी परत येईल. नवा दोर आणू का, विचारत होता. म्हटलं, आणू नका, घरातच आहे. फक्त त्याला टांगलेल्या झोपाळ्यावर सध्या माणूस घोरतोय.