ज्या घरात कळलं नव्हतं

॥ श्री ॥

आयोवा, अमेरिका
१५ सप्टेंबर २०२४

ती. आत्या हिस,
वर्षाचा सा. न. वि. वि.

तुझा हुकूम पाळते आहे. कागदावर पेनाने लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. टाइप केलेला मजकूर तुला लाइटबिलासारखा वाटतो आणि तुझ्या दुकानातल्या मिरची कांडपाच्या आवाजाने कान गेल्यामुळे फोनवर तू नुसतं काय, काय करत बसतेस. चष्मा लाव आणि फोटो बोटांनी मोठा करून वाच.

गाव लहान आहे. चहूकडे मका, आणि रस्त्यावर चालताना माणूस दिसलंच तर ती मीच असते. ज्यांच्याकडे मी राहते त्या कॅरलबाई आणि त्यांचे यजमान डेव्ह फार चांगले आहेत. हळू बोल असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही. फक्त मी हसले की त्यांचा कुत्रा टेबलाखाली जातो.

माझ्या खोलीत आणखी एक पाहुणी आहे, शिओरी. जपानमधल्या तोयामाकडची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच इथल्या शाळेत एका वर्षासाठी आलेली. वडील बस चालवतात. निघताना त्यांनी तिला एकच सांगितलं, की मे महिन्यात शाळा संपते तेव्हा मुलं झगा आणि टोपी घालून स्टेजवर जातात, तो तुझा फोटो मला पाहिजे. वर्ष मधेच सोडून कोणी घरी गेलं तर ते वर्ष बुडतं आणि परत येता येत नाही, म्हणून आम्ही दोघींनी ठरवलंय, काहीही झालं तरी स्टेजवर जायचं.

ती इतकं कमी बोलते की पहिले काही दिवस मला वाटलं माझ्यावर रुसली आहे. आता कळलं, तिचा तो स्वभाव आहे. मी दोघींचं मिळून बोलते, त्यामुळे खोलीत उणं काही पडत नाही.

चंदगडला आई-पप्पांना मी ठीक आहे म्हणून कळव. गोळ्या वेळेवर घे. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
वर्षा

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. वर्षा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं, दोनदा वाचलं. अक्षर बिघडलंय. अमेरिकेत पेनं मिळत नसतील तर कळव, इथून पाठवते.

परवा दसरा झाला. सोनं द्यायला सगळी गल्ली आली आणि सगळ्यांनी तुझी चौकशी केली. पण तुझ्यापेक्षा जास्त चौकशी त्या जपानच्या मुलीची झाली. समोरच्या झुंबरबाईंचा आकाराम एस.टी.वर ड्रायव्हर, तेव्हा तिचे वडील बस चालवतात म्हटल्यावर झुंबरबाईंनी त्यांना पार घरातलं करून टाकलं. त्यांना रात्रीची पाळी असते का आणि डबा कोण देतं हे तिला विचारून घे, मला रोज जाब द्यावा लागतो.

तू पाचवीपासून माझ्याकडे वाढलीस. आता घरात बोलायला कोणी नाही. हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा तू होतीस म्हणून मला घर खायला उठलं नाही. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहिते. तू तिथे नीट शिक, मी इथे मिरच्या कुटते.

मुलगी गप्प असते म्हणतेस तर तिला जेवताना तरी बोलतं कर. कॅरलबाईंना माझा नमस्कार सांग. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
शालूआत्या

॥ श्री ॥

आयोवा
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या हिस,
वर्षाचा सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात बसून वाचू नकोस, घरात जाऊन वाच.

शिओरीचे वडील गेले. मंगळवारी घरातच छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी खोलीत नव्हते. मी आले तर ती धुतलेले कपडे घड्या करून ठेवत होती. मी मोजे शोधत बडबडत होते, आणि तिने त्याच आवाजात मला हे सांगितलं. मी रडायला लागले तर तिने मला रुमाल दिला.

आईने तिला सांगितलंय की येऊ नकोस, वर्ष पूर्ण कर, त्यांची तीच इच्छा होती. तिचंही तेच म्हणणं आहे. तिने माझ्याकडून वचन घेतलं की या घरात, शाळेत, कोणालाच सांगायचं नाही. मी दिलं. तुला सांगितलं म्हणजे कोणाला सांगितलं असं मी धरत नाही.

पण आत्या, मला हे झेपत नाही. त्याच संध्याकाळी जेवताना कॅरलबाईंनी नेहमीसारखं विचारलं की तुझे वडील कसे आहेत, कारण दिवाळीच्या सुमारास त्यांनी या लोकांना सुकवलेली मासळी पाठवली होती आणि तेव्हापासून या त्यांची रोज आठवण काढतात. शिओरी हसून म्हणाली की बरे आहेत, बर्फ पडल्यामुळे बस हळू चालवावी लागते. ती रोज असंच उत्तर देते. ताटातलं मात्र निम्मं कुत्र्याला जातं. बारीक झाली आहे. रात्री रडल्याचा आवाजही येत नाही.

मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

तुझी,
वर्षा

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र घरात जाऊन वाचलं. बाप गेलेली पोर ताटावर बसून हसते. हे चांगलं लक्षण नव्हे.

तुला आठवतंय, हे गेले तेव्हा आपल्या घरात चूल पेटली नव्हती. झुंबरबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या तोंडात घास कोंबला. रोज बायका येऊन बसत. प्रत्येकीला मी पहिल्यापासून सांगायची, कसं झालं, काय झालं, आणि सांगता सांगता ते मला खरं वाटायला लागलं. माणसं भेटायला येतात ती त्यासाठीच. दार लावून घेतलं असतं तर मी उठले नसते.

त्या पोरीला तिथे कोण आहे? तू आहेस. तुझं वचन तू वचन म्हणून धरून बसलीस आणि ती आजारी पडली तर काय करशील? सरळ कॅरलबाईंना सांग. त्या बाईमाणूस आहेत, चार शेजारणींना बोलावतील. पोरीला मधे बसवा, रडू द्या. आणि तू स्वतः पिठलं कर, भाकरी कर, आणि तिला हाताने भरव. वचन मोडल्याचं पाप लागलं तर ते माझ्या माथी, तुझ्या नाही.

मिरचीचा हंगाम सुरू झालाय, म्हणून थोडक्यात आवरते. तुझी काळजी वाटते.

तुझी,
शालूआत्या

॥ श्री ॥

आयोवा
१३ मार्च २०२५

ती. आत्या हिस,
वर्षाचा सा. न. वि. वि.

शिओरी गेली. आज तिला विमानतळावर सोडून आलो. तिचा पलंग तिने इतका नीट लावून ठेवलाय की मला तिकडे बघवत नाही.

तुझं पत्र आल्यावरही मी बरेच दिवस धीर केला नाही. मग एका सकाळी जिना चढताना ती मधेच पायरीवर बसली, आणि मी कॅरलबाईंना सांगितलं. त्या मला मिठी मारून रडल्या, मी योग्य केलं म्हणाल्या. त्यांनी चर्चमधल्या बायकांना सांगितलं, त्यांनी शाळेत सांगितलं, आणि रविवारी दुपारी अख्खं गाव दारात आलं. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. आपल्या गल्लीत आणि त्यांच्यात काही फरक नव्हता, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. मला वाटलं आत्या असती तर खूश झाली असती.

शिओरी जिन्यावरून खाली आली. तिने गर्दी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. बस, एकदाच. मग दारात उभी राहून तिने वाकून प्रत्येकाचे आभार मानले. कोणी मिठी मारली तर हात खाली सोडून उभी राहिली. मी पिठलं केलं होतं आणि मक्याच्या पिठाची भाकरी थापली होती. मी घास पुढे केला, तिने तोंड उघडलं, खाल्ला, मला धन्यवाद म्हणाली. नंतर बाथरूममध्ये जाऊन ओकली. रडली नाहीच.

ती बातमी आम्हाला इथे आणणाऱ्या संस्थेपर्यंत गेली. तिथल्या बाई येऊन भेटून गेल्या. म्हणाल्या, अशा दुःखात मुलीने आईजवळ असलं पाहिजे, शिवाय वजनही उतरलंय, जबाबदारी कोण घेणार. शिओरीने त्यांना विनवलं. तिला विनवताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या आईनेही फोनवर राहू द्या म्हटलं. पण तिकीट निघालं.

विमानतळावर मी तिला म्हटलं की माझ्यावर ओरड, काहीतरी बोल. ती म्हणाली की राग नाही. मग तिने सांगितलं. कॅरलबाई रोज जेवताना वडील कसे आहेत विचारायच्या आणि ती बरे आहेत म्हणायची, तेव्हा तेवढ्यापुरते ते खरंच बरे असायचे. तिच्या घरात ते गेले होते, तिच्या गावात गेले होते. फक्त या एका घरात ते होते, कारण इथे कोणाला कळलं नव्हतं. मे महिन्यापर्यंत तिला ते इथे राहायला हवे होते. स्टेजवरून उतरल्यावर ती स्वतःच सगळ्यांना सांगणार होती.

एवढं बोलून ती आत गेली. तिने मागे वळून पाहिलं, वाकली आणि गेली.

आज जेवताना कॅरलबाईंनी कोणाबद्दलच काही विचारलं नाही. आत्या, मी आता काय करू असं तुला विचारायची मला भीती वाटते.

तुझी,
वर्षा

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
१६ मार्च २०२५

चि. वर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

पाप माझ्या माथी असं मी लिहिलं होतं, ते आता माझ्याकडे दे. तू लहान आहेस, तू माझं ऐकलंस. दुकानात एकीची मिरची दुसरीच्या डब्यात भरली आणि दोघींच्या शिव्या खाल्ल्या.

सोबतचं पत्र त्या मुलीला आहे. तू त्याचं इंग्रजी कर आणि पाठव. एकही ओळ गाळू नकोस, आणि माझ्या बोलण्याला साखर लावू नकोस. तू जेवत जा. मे महिन्यात तुला स्टेजवर जायचंय, आणि तू जाशील.

तुझी,
शालूआत्या

शाहूपुरी, कोल्हापूर
१६ मार्च २०२५

चि. कु. शिओरी हिस,
शालूआत्याचे अनेक आशीर्वाद.

मी वर्षाची आत्या. तू मला पाहिलेलं नाहीस. तुझं दुःख चारचौघांना सांग, असं तिला मी सांगितलं. तिने वचन दिलं होतं, ते मी मोडायला लावलं. तेव्हा राग आलाच तर माझा येऊ दे, त्या पोरीचा नको. तिने तुझ्यासाठी भाकरी थापली, आणि माझ्या घरी तिने कधी चहासुद्धा केलेला नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की घर भरतं. माझे यजमान गेले तेव्हा माझं भरलं, आणि त्याने मी जगले. म्हणून मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. पण वर्षाचं पत्र वाचलं आणि मला संकेश्वरचा मिरचीवाला आठवला. दर साली मी त्याच्याकडे माल घ्यायला जाते. हे गेल्यानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने विचारलं, मालक कसे काय आले नाहीत. त्याला कळलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघून गेलं की कामात आहेत. त्याने यांच्यासाठी म्हणून काकवीची बाटली दिली. ती मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले, आणि कोल्हापूर येईपर्यंत मला नवरा होता. अजून तो दर वर्षी विचारतो आणि अजून मी तेच सांगते. हे मी आजवर कोणाला बोललेले नाही, वर्षालासुद्धा याचं इंग्रजी करताना कळेल. माझं संकेश्वरचं ते एक दुकान मी जपून ठेवलं आणि तुझं घर मात्र मोडलं. याला मी माफी मागते. माफ कर असा आग्रह नाही.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. आमच्या गल्लीत अजून कोणाला माहीत नाही. यात माझं शहाणपण काही नाही. मिरचीचा हंगाम आहे, तोंड उघडलं की ठसका लागतो, म्हणून सांगायचं राहून गेलं. आता मी सांगणार नाही आणि वर्षाही सांगणार नाही. समोरच्या झुंबरबाई रोज विचारतात, त्या जपानच्या पोरीचं वडील बरं हायत न्हवं. काल विचारलं तेव्हा मी बरे आहेत म्हटलं. उद्याही म्हणेन.

तुला कधी वाटलं तर इथे ये. या गल्लीत चौकशी केल्याशिवाय कोणी कोणाला पुढे जाऊ देत नाही. वडील रागीट आहेत का, त्यांना काय आवडतं, कामावरून घरी किती वाजता येतात, सगळे तुला विचारतील. तू हवं ते सांग, हवा तितका वेळ सांग. मी मधे बोलणार नाही.

या पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. एवढी माया मात्र ठेवून घे. आईला माझा नमस्कार सांग.

वडिलांनाही सांग.

तुझी,
शालूआत्या