रेणूची फाईल

८ नोव्हेंबर, सकाळी १०
सून रेणू सरकारी दवाखान्यातून घरी आली. ऑपरेशनने मुलगी. मुलगा प्रफुल्ल ठेक्यावर कामाला आहे, त्याला सुट्टी नाही, तेव्हा पुढचं सगळं मीच पाहणार. कंपनीच्या प्लांटमध्ये तेहतीस वर्षं कागद सांभाळलेत. डिस्चार्जची चिठ्ठी लगेच लॅमिनेट केली. निळी फाईल उघडली. संकल्प: यापुढे सुनेला सरकारी लाइनीत उभं करायचं नाही. थेट मोठा प्रायव्हेट दवाखाना.

१२ नोव्हेंबर
रेणूला थोडा ताप. दूध उतरतं तेव्हा येतो, असं मी सांगितलं. माझ्या बायकोने, हिराने, तरी पुन्हा थर्मामीटर लावला. बायकांना विश्वास कमी.
कंपनीचं मेडिकल बुक घेऊन गेलो. बुकात मी आणि हिरा, सुनेला चालत नाही म्हणे. कंपनीच्या काउंटरवरचा पोरगा नवीन होता. हा भाऊराव कोण, हे त्याला माहीत नाही.

१४ नोव्हेंबर
मार्ग सापडला. सरकारी हेल्थ कार्ड! त्यावर प्रायव्हेट दवाखानाही फुकट. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या चॉइस सेंटरचा अतुल म्हणाला, रेशन कार्डात सुनेचं नाव पाहिजे. तिचं नाव अजून गोंदियाला, बापाच्या कार्डात. लग्नाला दोन वर्षं झाली. नाव कापून आणायचं काम माझ्याकडेच होतं. व्याही शामसुंदररावांना फोन केला. दोन दिवसांचं काम.

१५ नोव्हेंबर
मोहल्ल्यातल्या बाळंतिणींना पाहणारी मितानीन कौशल्या आली. टाके पाहून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, बेचाळीस दिवस सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, कार्ड लागत नाही, फक्त ती चिठ्ठी द्या, मी घेऊन जाते. तिला चहा दिला आणि माझी योजना समजावली. ओरिजिनल कागद फाईलमधून काढत नसतात.

१८ नोव्हेंबर
नाव कापल्याचा दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. अतुलला ओरिजिनल हवा. बरोबर आहे, मीही हेच म्हटलं असतं.
रेणू आता कुशीवर वळत नाही. दाराकडे तोंड करून पडून असते. काय पाहिजे विचारलं, तर म्हणाली, "मामाजी, मले फक्त एकदा दाखवून आणा." मी म्हटलं, दाखवू तर ढंगाने दाखवू. तिने डोळे मिटले. समाधान झालं असावं.

२० नोव्हेंबर, दुपारी २
व्याही सकाळच्या गाडीने स्वतः कागद देऊन गेले. लेकीजवळ बसले. सेंटरवर सर्व्हर डाउन. तीन तास झाले, बसून आहे. फाईल मांडीवर आहे म्हणून धीर आहे.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, हिरा आणि कौशल्या रेणूला ऑटोत घालून घेऊन गेल्या. सरकारी दवाखान्यात धावलो. कार्ड कुणी मागितलंच नव्हतं. चिठ्ठी नव्हती म्हणून रजिस्टरमध्ये तिचं नाव शोधत बसले होते, पाऊण तास. चिठ्ठी माझ्या काखेत.
हिरा एवढंच बोलली. "ताप फायलीले नोता आला. तिले आला होता."
डॉक्टरबाईंनी टाके उघडून पू काढला. अजून दोन दिवस गेले असते तर, म्हणाल्या, आणि भरतीचा कागद लिहायला घेतला. रेणूला भरती केलं. बाळ तिच्याजवळ.
मी चिठ्ठी पुढे केली. खाली लिहिलेलं होतं: सातव्या दिवशी टाके दाखवणे. बारा दिवस ही घेऊन फिरलो. नर्सला चिठ्ठीवर आजची नोंद करायची होती, प्लास्टिकवर पेन चालेना. तिने माझ्या हातात कात्री दिली.
बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत. बाहेर बाकावर बसून कापतो आहे. प्लास्टिक निघतं, पण कागदही सोबत येतो.