कोरी करून दिलेली डिस्क

१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं, अनेक आशीर्वाद.

दूध उतू गेलं ती सकाळ आज पुन्हा आठवली. केर काढून झाला होता, पाणी भरून झालं होतं, आणि मी ओट्याशी उभी राहून एका हाताने दूध ढवळत दुसऱ्या हातातलं पुस्तक वाचत होते. तुमचे दादा मागून आले आणि टेपने माझी पाठ, कोपर, गुडघा मोजायला लागले. झबलं शिवताय की काय, असं मी चिडवलं. तर म्हणाले की सुतार झबली शिवत नाहीत, उभ्याने वाचणाऱ्या बाईसाठी खुर्ची करतोय, हाताशी पुस्तक ठेवायची फळी असलेली. तेवढ्यात दूध गेलं. त्याचं खापरही त्यांनी पुस्तकावरच फोडलं.

ती खुर्ची कॉम्प्युटरवरून लाकडात उतरायच्या आत ते गेले. मग धाकट्या भाऊजींनी आपल्या फर्निचरच्या कारखान्यातला ह्यांचा कॉम्प्युटर मला आणून दिला. आतलं सगळं काढून टाकलंय, आता तुम्हीच भरा काय ते, असं हसून म्हणाले. दादांनी आखलेल्या खुर्च्या तेव्हापासून कुणाच्या नावाने विकल्या जातायत, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता इतक्या दिवसांनी निरोप आलाय की त्यातली जुनी हार्ड डिस्क परत हवी, बिलं ठेवायला. बाजारात नव्या डिस्का मिळत नाहीत का? तुमच्या कानावर काही असेल तर कळवा. गुडघा जपा, आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वहिनींस, सा. न.

गुडघा कुरकुरतोय, पण जीभ ठणठणीत आहे, असं आमचे हे म्हणतात.

धाकटा रविवारी जेवायला आला होता. डिस्कचं विचारलं तर बिलं, बिलं, एवढंच. पण हात धुताना हळूच म्हणाला की वहिनींना सांग, तिच्यावर नवीन काही साठवू नका आणि कुणाकडून साफ तर मुळीच करून घेऊ नका, आहे तशीच द्या. बिलं ठेवायची तर साफ नको का? मला त्यातलं काही कळत नाही.

पुढच्या महिन्यात फर्निचरचं प्रदर्शन आहे. तिथे तो वाचायची खुर्ची मांडणार आहे. हाताशी फळी असलेली. जाहिरातीत स्वतःची कल्पना म्हणून छापूनही मोकळा झालाय. कल्पना कुणाची ते मलाही ठाऊक आहे, वहिनी. पण तो शेंडेफळ. चारचौघांत तोंडघशी पडला तर घराचं हसं होईल. देऊन टाका ना.

रागावलात तरी पत्र धाडा.

तुमची नणंद


२ मार्च

प्रिय वन्सं, अनेक आशीर्वाद.

कळत नाही म्हणता, पण तुम्हीच सगळं सांगितलंत.

वाचनालयात माझी एक मैत्रीण झालीय, कॉम्प्युटर दुरुस्तीवाली. तिने समजावलं की फाइल काढून टाकली म्हणजे दारावरची पाटी तेवढी काढली, बिऱ्हाड आतच असतं. त्या जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत ते उकरून काढता येतं. भाऊजींना कळली तेवढी डिझाइनं त्यांनी उचलली, बाकीच्यांच्या पाट्या काढल्या आणि घर रिकामं झालं असं समजले. खुर्ची त्या बाकीच्यांत गेली; ह्यांच्या तोंडून ऐकलेली कल्पना तेवढी भाऊजींकडे उरली, मापं नाहीत. आता उकरून देणारा कुणीतरी त्यांना भेटला असणार.

मी तो कॉम्प्युटर कधी लावलाच नव्हता. कीबोर्डवर ह्यांच्या पॉलिशच्या बोटांचे डाग होते, म्हणून चादरीखाली झाकून ठेवला होता. त्यामुळे आतलं शाबूत राहिलं. दुरुस्तीवालीने दुसरी डिस्क जोडून सगळं तिच्यावर काढलं. बरंच फाटकंतुटकं निघालं. खुर्ची मात्र अख्खी निघाली. फळीशेजारी माझ्या कोपराचं माप आहे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, दूध बघ.

मग जुनी डिस्क पुसायला लावली. नुसत्या पाट्या नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे शून्यं. दुरुस्तीवालीने आधी बजावलं की यानंतर ब्रह्मदेवालाही काही मिळायचं नाही. मी म्हटलं, ब्रह्मदेवाचं राहू दे, आमच्या भाऊजींना मिळणार नाही ना, तेवढं बघ. दुपारभर पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती आणि मी बघत बसले होते. हे गेल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

काल ती भाऊजींच्या टेबलावर नेऊन ठेवली. बिलं ठेवायची म्हणालात म्हणून स्वच्छ करून आणलीय, खुशाल वापरा, असं सांगितलं. चेहरा पांढराफटक पडला. आतलं का पुसलं म्हणून ओरडावं, तर आत काय होतं ते सांगावं लागणार, आणि कुणाचं होतं तेही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, वन्सं. आभार मानले त्यांनी माझे.

आता तुम्ही रागावला असाल. तरी पत्र धाडा.

तुमची,
वहिनी


११ मार्च

ती. वहिनींस, सा. न.

धाकटा येऊन आदळआपट करून गेला. त्याच्या माणसाने सांगितलं म्हणे, डिस्क धुतल्यासारखी आहे, वापरायला एकदम उत्तम. मग बिघडलं कुठे, ठेव की बिलं, असं मी म्हटलं तर ताट सारून उठला. मला आधी हसू फुटलं, मग रडू. दोघेही माझेच भाऊ.

खुर्ची तुमच्याकडे आहे हे मी त्याला बोलले नाही. पण तुम्ही ती त्याला द्याल का? नीट समजावलं तर दादाचं नाव लावायला तो तयार होईलसं वाटतं. नाही म्हणालात तरी मला वहिनी एकच आहे.

तुमची नणंद


२३ मार्च

प्रिय वन्सं, अनेक आशीर्वाद.

दादांचं नाव लावायला समजवावं लागतं, यातच सगळं आलं. मी देणार नाही. राग निवला की कळवीन. अजून निवलेला नाही, आणि मी फुंकरही घालत नाहीये. खुर्ची माझ्याकडे आहे हे भाऊजींना जरूर सांगा. ते त्यांना ठाऊक असायला हवं.

तुमच्या मनाची ओढाताण मला दिसते. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. तुम्ही मात्र या घरी केव्हाही या, दोघींना पुरेल एवढा चहा आहे.

प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी मी गेले होते. जाहिरातीतली जागा मोकळी दिसू नये म्हणून भाऊजींनी तिथे एक कुंडी ठेवली होती. वाचायची खुर्ची ती हीच का, असं लोक विचारत होते. मी कुंडीसमोर बराच वेळ उभी राहिले. भाऊजींनी मला पाहिलं. झाड छान आहे, असं त्यांना सांगून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी वखारीत जाऊन खुर्चीसाठी लाकूड आणलं.

तुमची,
वहिनी