पिल्लांमधली मोकळी जागा

१८ डिसेंबर
पहिली नोकरी! अर्धापूरहून निघून एसटीनं जळकोटला आले, तिथून मालक वीरभद्रअप्पांच्या जीपमधून पोल्ट्रीच्या शेडवर. कोंबडीची बाराशे पिल्लं, दोन दिवसांची, पत्र्याच्या गोल कड्यात तुसावर चिवचिवतायत. वर आठ दिवे. गारठा वाढला की दिवे खाली घ्यायचे, उकडायला लागलं की वर ओढायचे. अप्पा म्हणाले, थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर नजर ठेव. थंडी वाजली तर दिव्याखाली गोळा होतात, गरम झालं तर लांब पळतात. माझी खोली शेडला लागूनच आहे. स्वयंपाकाला साखरामावशी येतात. गरम भाकरी, तुरीच्या सोल्यांची उसळ. आईला फोनवर सांगितलं, मजेत आहे.

२० डिसेंबर
सकाळी बाहेर आठ अंश. दिवे वीतभर खाली घेतले. पिल्लं छान पसरली. फक्त चाळीसेक पिल्लं कडेला बसलीत, जिथं दिवाच नाही. हाकलली तरी परत तिथंच.

२१ डिसेंबर
आज कडेला शंभरावर आहेत. दोन रांगा, एकमेकींकडं तोंड करून. मधे मोकळी जागा. वरच्या बाजूला गोल, मग रुंद, पायाकडं निमुळती. माणूस आडवा झाल्यासारखी.
तिथं थर्मामीटर ठेवला. सदतीस अंश. खाली तूस आणि फरशी, दुसरं काही नाही. जागेला चिकटून बसलेली एकतीस पिल्लं मेली. हातात घेतली तर बर्फासारखी.

२२ डिसेंबर
अप्पांना फोन केला. लातूरला आहेत. वारा लागत असेल, पोती बांध म्हणाले. बांधली.
साखरामावशी मेलेली पिल्लं खड्ड्यात टाकत होत्या. ती जागा दाखवली तर त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली. मग सांगितलं. दोन वर्षांमागं असाच गारठा होता, लाईट गेली, शेगडीला कोळसा नव्हता. त्यांचे यजमान दगडोबा राखणीला होते. पिल्लं अंगाशी घेऊन ते तिथंच आडवे झाले. सकाळी पिल्लं जित्ती होती.
"अन् ते?" मी विचारलं.
"गार पडले होते," मावशी म्हणाल्या. "आता ऊब वापस मागून राहिले, बाई. त्यायला लई थंडी वाजून राहिली."

२३ डिसेंबर
धुकं. शेडचं दार दिसत नाही. एक दिवा बरोबर त्या जागेवर आणून टांगला. दिवा लख्ख पेटलाय. काचेला हात लावला — काच गार. बाकी सातांखाली पारा उतरतोय. चौसष्ट मेली.

२४ डिसेंबर
जागा आज कडेला नाही. मधोमध आहे. दुपारी पाहिलं तर दाराजवळ. पिल्लं तिच्यासोबत सरकतात.
मावशी आल्या नाहीत. अप्पा उद्या येतो म्हणाले. निघून जावंसं वाटतं, पण मी गेले तर दिवे कोण बघणार? एका रात्रीत चारशे गेली, सातशे राहिलीत. त्यांचा काय दोष.
माझी बोटं निळी पडलीत. शेगडीवर धरली तरी —

२५ डिसेंबर, संध्याकाळ
लाईट गेली. अप्पा आलेच नाहीत. वाचलेली पिल्लं टोपल्यांतून खोलीत आणली. दार लावलं. शेगडी पेटवली. ती शेगडीकडं जातच नाहीत.

नंतर
काखेत थर्मामीटर धरला. एकतीस. परत धरला. तीस. अप्पांचा फोन लागत नाही.
खाटेवर पडून लिहितेय. पिल्लं खाटेकडं येतायत. सगळी. एकमेकांवर चढून वर —

भिंतीकडच्या बाजूला बसलीत. दोन रांगा. मधे जागा —
मी वळून बघणार नाही.
पाठीला काहीतरी टेकलंय. ऊबदार आहे. इतक्या दिवसांनी इतकं बरं वाटतंय. उठायला पाहिजे, कळतंय मला, पण थोडा वेळ फक्त, माझे हात आखडून येतायत आणि त्यानं आता आपला हात पांघरुणासारखा माझ्यावर