घड्याळाच्या मनोऱ्यामागचं पोस्ट

१ जुलै
तिसरीचा वर्ग मला कायमचा मिळणार की नाही, हे महिनाअखेरच्या पाठावर ठरणार. मोठ्या बाई स्वतः मागच्या बाकावर बसून पाहणार आहेत. विषय: आपला परिसर. घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिलीच. त्यामुळे बाबांनी वर्कशॉपमध्ये आधीच सांगून टाकलंय, पोरगी परमनंट झाली म्हणून. संकल्प: खडू-फळा बंद. सगळं ऑनलाइन. या मुलांना जग दाखवायचं.

४ जुलै
साइट शोधल्या. नकाशे, क्विझ, व्हिडिओ, घरबसल्या सहली. इतकं सगळं फुकट असताना लोक अजून भिंतीवर तक्ते का चिकटवतात? डोळे चुरचुरतायत. पाठ लिहायचा राहिला. पण शोध म्हणजे अर्धा पाठच.

६ जुलै
शेजारच्या वर्गाच्या बाई रिटायरमेंटला आल्यात. म्हणाल्या, अगं, पोरांना शाळेबाहेर एक फेरी मारून आण की, परिसर काय पळून चाललाय? मी हसून मान डोलावली. पिढीचा फरक. पाऊस, गाड्या, चपला तुटणार, कुणाला तरी शू लागणार. फेरीला पॉजचं बटण नसतं.

१० जुलै
सापडलं! साइटवर एक अख्खं नमुना गाव. शाळेमागून वाहणारी नदी, दवाखाना, लाल अग्निशमन केंद्र, घड्याळाचा मनोरा, त्याच्यामागे पोस्ट. क्लिक केलं की दार उघडतं आणि पोस्टमन हात हलवतो. आमच्या पोस्टात कुणी मान वर करून बघत नसणार. आधी हे गाव शिकवायचं, तिसऱ्या आठवड्यात ‘आता आपलं’ असा एक तास. कागदावर अगदी पक्कं बसलंय.

१४ जुलै
प्रोजेक्टर चालेना. शिपाईमामांनी एक थाप मारली, चालला. मुलं पोस्टमनला टाटा करत होती. माझा घसा बसलाय, पण याला म्हणतात शिक्षण.

१९ जुलै
‘आता आपलं’चा तास पुढे ढकलला. क्विझमध्ये बॅज मिळालाय आणि मधेच सोडलं तर तो जातो. दादाने विचारलं, बॅज मुलांना की तुला? त्याला शिक्षणातलं काय कळतं. (मला.)

२४ जुलै
फार थकले. ‘शिक्षकांचा थकवा: उपाय’ या वेबिनारला बसले. झोप लागली. सर्टिफिकेट आलं.

२७ जुलै
‘आता आपलं’ उद्या नक्की.

२८ जुलै
तब्येत बरी नव्हती. हुशार मुलांना नमुन्यावरून ‘आपलं’ आपोआप समजतं.

३० जुलै
पाठ. सुरुवातीलाच नेट गेलं. काही बिघडलं नाही, मुलांना सगळं तोंडपाठ. मोठ्या बाईंनी विचारलं, आपलं पोस्ट कुठंय? अख्खा वर्ग ओरडला, घड्याळाच्या मनोऱ्यामागे! नदी? शाळेच्या मागून! आग लागली तर? लाल बिल्डिंगवर क्लिक करायचं! मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं. तिथे सायकल स्टँड आहे. एकीने विचारलं, बाई, नदी आटली का? मोठ्या बाई परत बसल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. छाप पडली असावी. उत्तरं एका सुरात आली, हे सोपं नसतं.

३१ जुलै
केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, कष्ट घेतेस, दिसतंय गं. पण तू शिकवलंस ते गाव आहे कुठे? मी सर्व्हरवर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. कायमचं पुढच्या वर्षी बघू, तोवर शेजारच्या बाईंच्या हाताखाली राहा, म्हणाल्या. नेट असतं तर निकाल वेगळा लागला असता. घरी सांगितलं. आई म्हणाली, जाऊ दे, आधी दोन घास खा. बाबा बरं म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या संपून जाहिराती लागल्या तरी कमी केला नाही.

३ ऑगस्ट
शेजारच्या बाईंनी दोन्ही वर्ग फेरीला काढले. पोस्ट शाळेच्या मागच्याच गल्लीत निघालं. रोज जाते-येते तिथून, पण तेव्हा मोबाइलवर काही ना काही महत्त्वाचं चालू असतं. तिथेच सुचलं: आपल्या परिसराची आपणच साइट बनवायची! पोस्टाचा फोटो काढला. पेटीचा काढला. उजेड बरा नव्हता, परत काढला. मान वर केली तर रांग गायब. समोर दोन गल्ल्या, दोन्ही सारख्याच. फोनवर नकाशा उघडला, तो नुसता गोल फिरत बसला. थोड्या वेळाने माझ्याच वर्गातल्या दोघी धावत आल्या. एकीने हात धरला. दुसरी म्हणाली, बाई, घाबरू नका, शाळा इकडे आहे.