पिवळी रेघ

सोमवार

नव्या कचेरीत रुजू झालेल्या प्रौढ गृहस्थास एकच हात असलेली खुर्ची द्यावी, हा अक्षम्य अपराध असून त्याची नोंद सर्वप्रथम येथे करीत आहे. उजव्या हाताला आधार आहे. डावा दिवसभर अनाथासारखा लोंबकळतो. बाकी सर्व क्षेम. खोली गार, खिडकीतून मोटारींचा तळ दिसतो, चहा फुकट आणि चवीलाही तसाच. माझ्या वरिष्ठ माझ्याहून बऱ्याच लहान, पण सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. माझी भाषा ऐकून त्यांनी विचारलं, काका, एवढं लांब वाक्य बोलताना मध्ये श्वास कधी घेता?

संध्याकाळी घरी फोन. हिने माझ्या गोळ्यांची उजळणी घेतली. मग कन्येला. वसतिगृहात घनघोर अभ्यास चालू आहे असं तिचं म्हणणं. मागे त्याहून घनघोर गाणी चालू होती.

मंगळवार

आता कामाविषयी. कुणी फोन लावला की घंटी वाजण्याआधी दोन एक्स्चेंजांत कुजबुज होते: हा माणूस सध्या कुठे आहे, कोणत्या टॉवरखाली? उत्तर मिळालं की मग घंटी. ही कुजबुज ज्या वाटांनी चालते त्या लिंका. त्या धड आहेत ना, हे भिंतीवरच्या पडद्यावर पाहत बसणं ही माझी उपजीविका. हिरवी रेघ जिवंत, लाल मेलेली. गंमत अशी, की बोलण्यासारखं काही नसतं तेव्हाही दोन्ही टोकं एकमेकांना सारखं ‘आहे, आहे’ सांगत राहतात. माझी आत्या डुलकी लागली तरी हुंकार द्यायची, त्यातलाच प्रकार.

एकच रेघ पिवळी, पार तळाला. तिच्या पलीकडच्या टोकाचं एक्स्चेंज केव्हाच पाडलं. येता येता मुद्दाम वाट वाकडी करून पाहिलं, तिथे गाद्यांचं दुकान आहे. तरी ते टोक ‘आहे’ म्हणतं. ताईंनी सांगितलं, पिवळी म्हणजे अडसर घातलेली: तिकडून प्रश्न येतात, आपण उत्तर देत नाही. तिला हात लावायचा नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, काका, चहा निवतोय.

गुरुवार

लावला हात. ताई जेवायला गेल्या होत्या. ती रेघ दोन दिवस डोळ्यांत खुपत होती. म्हटलं, नव्या माणसाने काहीतरी स्वच्छता करून दाखवावी. लिंक कायमची काढायची तर आधी अडसर उतरवावा लागतो, तशी इथली पद्धतच आहे. उतरवला. रेघ हिरवी झाली. पलीकडून तत्काळ एक नंबर आला: हा कुठे आहे? आणि आमच्या यंत्राने, ते सगळ्यांना देतं तसंच, नम्रपणे उत्तर देऊन टाकलं.

नंबर ताईंचा होता.

मग लिंक काढण्याचा हुकूम दिला. रेघ जाईना. अडसर परत चढेना. ताई जेवून परतल्या नाहीत.

शुक्रवार

ताईंची खुर्ची रिकामी. तिला दोन्ही हात आहेत, पण बसवलं नाही.

फोन लावला. उचलला गेला. ताईंचाच आवाज: आहे. मी म्हटलं, अहो ताई, कुठे आहात? आहे. आहे. रिकामी लिंक बोलते तोच ठेका. मी घाबरून बडबडत सुटलो: माझी चूक झाली, सांभाळून घ्या, नोकरी गेली तर कठीण आहे, मुलगी वसतिगृहात एकटी, तिची परीक्षा तोंडावर... नको ते सगळं बोललो. पलीकडे कुणीतरी फार मन लावून ऐकत होतं.

शनिवार

त्या टोकाने आज कन्येचा नंबर विचारला. उत्तर गेलं. वसतिगृहाशेजारचा टॉवर. परत विचारलं. परत गेलं.

तिला सांगायला हवं, फोन बंद ठेव. पण सांगायचं तर फोन लावावा लागेल, आणि लावला की ती कुठे आहे ही विचारणा होणारच — आणि आता प्रत्येक उत्तर त्या रेघेवरूनही जातं. पडद्यावर दिसतंय.

हिला म्हटलं, तिला फोन करू नकोस. ही म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना? आत्ताच तर केला. काल रात्रीही केला होता. तुम्ही करत नाही म्हणून मी करते.

दोन्ही वेळा उत्तर गेलं असणार —

रविवार

बसमध्ये. माझा फोन बंद. गाडी हादरतेय, अक्षर —

वसतिगृह. तिच्या खोलीला बाहेरून कडी. शेजारच्या खोलीतली मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, काका, तुम्ही वर कसे आलात? तिला आत्ता तुमचा फोन आला. बाबा खाली उभे आहेत म्हणत पळाली, चपला पण घातल्या नाहीत.

मी फोन केलेला नाही.

फाटकाशी गेलो. कुणी नाही. रस्त्यावर — कुणी नाही. पायरीवर बसून लिहितोय, कारण ओरडायला धजत नाही. माझा आवाज आता तिला —

भुताखेतांची मला भीती नाही. नोकरीचीही नाही. खरं सांगायचं तर काळजी एवढीच आहे: मी बोलावलं की ती काही न विचारता येते. लहानपणापासून. आणि ती कुठे असते, हे मीच —